आठचा जॅक

नवरा जाऊन बावीस दिवस झाले तरी मी रडले नव्हते, आणि ही गोष्ट माझ्यापेक्षा माझ्या नणंदेला जास्त सलत होती. ती पहिल्या दिवसापासून आमच्याकडेच मुक्कामाला होती. सकाळी चहाचा कप हातात देताना माझ्या डोळ्यांत बघायची, झोपायला जाताना पुन्हा एकदा बघायची. एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होती, "दगडालासुद्धा पाझर फुटतो, पण हिला नाही." मी आत भांडी पुसत होते. एकोणीस झाली होती. मी विसावं घेतलं.

मोजणं ही माझी खोड नाही, धंदा आहे. मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळते. प्लॅस्टिकच्या रिळावर केसाएवढी बारीक तांब्याची तार, एक वेढा, त्याला लागून दुसरा, थर भरला की कागद, कागदावर पुढचा थर. हाताने फिरवायचं मशीन आहे. त्याच्यावर वेढ्यांचा आकडा दाखवणारी चकती होती म्हणे, पण ती माझ्या आधी कामाला असलेल्या बाईच्या काळातच मोडली. त्यामुळे आम्ही तोंडाने मोजायचो. मालकांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता: मोजणारीशी बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर तिच्या टेबलावर तळहात पालथा ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. ती थर संपवेल, पाटीवर खडूने आकडा लिहील आणि मग म्हणेल, "बोल." आकडा चुकला तर सगळी तार उलगडायची आणि पुन्हा एकपासून.

पुढे मालक थकले, कारखाना बंद झाला, आणि मशीन मी घरी आणून मागच्या खोलीत बसवलं. नियमही बरोबर आला. मुलगी दोन वर्षांची होती तेव्हापासून तिला ठाऊक होतं की आईचे ओठ हलत असले की टेबलावर हात ठेवायचा आणि थांबायचं. पडून गुडघा फुटला तरी ती हात ठेवून थांबायची, रक्त पायावरून खाली येईपर्यंत. लोकांना यात क्रूरपणा दिसायचा. मला शिस्त दिसायची. माझ्या हातचं एकही काम एकतीस वर्षांत परत आलेलं नाही, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. गर्वाचं घर खाली असतं, असं तो हसत म्हणायचा. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळायचं नाही.

गेला त्या दिवशी सकाळी साडेअकराला तो मागच्या खोलीत आला, माझ्या समोरच्या खुर्चीत बसला आणि त्याने टेबलावर हात ठेवला. मला डोळ्याच्या कोपऱ्यातून हात दिसला. थराचे चाळीस वेढे राहिले होते. मी ते पूर्ण केले, पाटीवर आकडा लिहिला, खडू ठेवला आणि म्हटलं, "बोल." हात टेबलावरच होता. तो खुर्चीत होता, मान जराशी कलली होती. डॉक्टर नंतर म्हणाले की चाळीस वेढ्यांनी काही फरक पडला नसता, सगळं एका क्षणात झालं असणार. डॉक्टर भला माणूस आहे. पण तो क्षण पहिल्या वेढ्याला होता की एकोणचाळिसाव्या, हे त्यालाही सांगता येणार नाही.

तेव्हापासून मी सारखी मोजत होते. पायऱ्या, भांडी, भेटायला येणाऱ्यांच्या चपला. मोजत असताना बाकी काही आत येत नाही. सवय चांगली आहे.

तो बेस गिटार वाजवायचा. तीन मित्रांचा त्यांचा वाद्यवृंद होता, त्यातला एक परदेशी मुलाकडे राहायला गेला, उरले हे दोघं. दुसरा म्हणजे त्यांचा ड्रमर. त्याला सगळे धडाम म्हणतात, कारण ड्रम सोडून इतर वेळीही त्याच्या हातून काही ना काही पडत असतं. मी त्याला भावजी म्हणते. बाविसाव्या दिवशी, शुक्रवारी, भावजी आणि माझी मुलगी दोघं एकदमच माझ्यासमोर येऊन बसले. रविवारी दुपारी चार वाजता, जिथे ते वर्षानुवर्षं वाजवत आले त्या हॉलमध्ये, त्याच्या आठवणीत वाजवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. बेस मुलगी वाजवणार होती. बापानेच शिकवलं होतं तिला.

मी म्हटलं, वाजवा की, माझी कसली परवानगी.

तिला परवानगी नको होती, अ‍ॅम्प हवा होता. त्याचा जुना, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, आत काचेचे दिवे तापून आवाज मोठा करणारा, दोन माणसांनी उचलायचा. हल्ली सगळे हलक्या डब्यांवर वाजवतात, पण तो आवाज बाबाचा नाही, असं ती म्हणाली. बाबाचा आवाज एकदा तरी त्या हॉलमध्ये वाजला पाहिजे. आणि अ‍ॅम्प महिनाभर बंद असल्यामुळे आधी कुणीतरी बघून द्यायला हवा.

"टोपीवाल्याकडे न्या," मी म्हटलं.

हे मी मुद्दामच म्हटलं. त्याचं कारण सांगायला हवं. त्या अ‍ॅम्पमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे स्पीकरला आवाज पोचवणारा, मी गुंडाळलेला आहे. आमची ओळखच त्यातून झाली. तरीही एकतीस वर्षांत त्याने मला तो अ‍ॅम्प एकदाही उघडू दिला नाही. व्हॉल्व्ह बदलायचा असो, खरखर असो, उचलायचा आणि नदीपलीकडे टोपीवाल्याच्या दुरुस्तीच्या दुकानात न्यायचा. बायको घरात दिवसाला दोन ट्रान्सफॉर्मर उतरवते आणि हा पूल ओलांडून जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सुरुवातीला मी विचारलं. तो म्हणायचा, तुला कशाला त्रास. पुढे मी भांडले. मग एक दिवस कानाला खडा लावला आणि विचारणं सोडलं. पिकतं तिथे विकत नाही, असं मनाला समजावलं. पण खरं सांगायचं तर मला वाटायचं, याचा माझ्या हातावर विश्वास नाही. जगाचा आहे, याचाच नाही. ते मला कायम लागून राहिलं होतं, आणि तो गेल्यावर ते विचारायला माणूसच उरला नव्हता.

मुलीने सांगितलं की टोपीवाल्याचं दुकान दोन वर्षांपूर्वीच बंद झालं. मग तिने टेबलावर हात ठेवला आणि थांबली. मी काहीच मोजत नव्हते. म्हणजे, ओठ हलवून तरी नाही.

शनिवारी सकाळी आम्ही अ‍ॅम्प आणि दोन्ही कॅबिनेट मागच्या खोलीत आणले. कॅबिनेट म्हणजे स्पीकरची मोठाली खोकी, प्रत्येकाची उंची माझ्या कमरेएवढी. आधी मी दोन्हींना मीटर लावून बघितलं. एकाने सव्वासहा दाखवलं, दुसऱ्याने त्याहून किंचित कमी. मीटर नेहमी हात आखडून सांगतो, सव्वासहा दिसलं की आठ ओहम समजायचं. दोन्ही खोक्यांच्या पाठीवर त्याच्या हाताने आठ लिहिलेलं होतंच.

मुलीला मी समजावून सांगितलं, कारण तिला पुढे हे स्वतः करायचं होतं. ओहम म्हणजे अडवणूक. स्पीकर अ‍ॅम्पला किती अडवतो, तो आकडा. जिन्यावरून कपाट नेताना दोघं सारख्या उंचीचे लागतात, नाहीतर सगळं ओझं एकावर येतं. तसं अ‍ॅम्पला आपल्या जोडीचीच अडवणूक लागते. एक खोकं आठचं. दोन जोडली की आठ आणि आठ सोळा होत नाहीत, चार होतात, कारण गर्दीला एकाऐवजी दोन दारं मिळाली की अडवणूक निम्मी. म्हणून अ‍ॅम्पच्या मागे दोन जॅक, म्हणजे स्पीकरच्या वायरची पिन घालायची भोकं, असतात, एक चारचा, एक आठचा. दोन्ही खोकी वाजवायची तर पिन चारमध्ये. चुकीच्या जॅकमध्ये घातली तर पाच मिनिटांत काही होत नाही, पण मोठ्या आवाजात तासभर वाजवलं की व्हॉल्व्ह तापून लाल होतात आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि हा जळला तर दुसरा नाही. ती तार बनवणारे आता नाहीत, आणि मला एवढी बारीक तार भिंगातूनसुद्धा दिसत नाही. म्हणजे तो आवाज कायमचा गेला.

"पण बाबा आठमध्ये लावायचा," ती म्हणाली.

"दोन्ही खोकी असताना?"

"नेहमीच. मी एकदा विचारलं तर म्हणाला, आईसमोर विचारू नकोस."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकतीस वर्षं या माणसाने माझा ट्रान्सफॉर्मर चुकीच्या जॅकवर राबवला आणि वर मला कळू नये म्हणून पोरीला गप्प बसवलं. मी पिन चारमध्ये घातली. जरा जोरातच.

मुलीने वाजवायला घेतलं. आवाज आला, पण बसका, दाबलेला, भिंतीपलीकडून यावा तसा. ती म्हणाली हा बाबाचा आवाज नाही. मी म्हटलं, व्हॉल्व्ह म्हातारे झालेत. ती वाजवत राहिली, मी मागच्या जाळीतून व्हॉल्व्हकडे बघत राहिले. दहा मिनिटांनी दोन व्हॉल्व्हच्या पोटात मंद लाल डाग दिसायला लागला. मी अ‍ॅम्प बंद केला. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात, तसं मी आणखी काही वेळ व्हॉल्व्हना नावं ठेवू शकले असते. पण लाल डाग खोटं बोलत नाही. मी मुलीला म्हटलं, तासाभराने ये. आणि स्क्रू काढायला घेतले.

आत टोपीवाल्याचं काम नेटकं होतं, ते मान्य करते. मधोमध माझा ट्रान्सफॉर्मर होता. कागद पिवळा पडला होता, पण एक दोरासुद्धा सुटलेला नव्हता. त्यातून बाहेर येणाऱ्या तारांवर मी रंगीत नळ्या चढवते, स्लीव्ह म्हणतात त्यांना. माझी पद्धत ठरलेली आहे, मालकांनीच घालून दिलेली: चारला पिवळी, आठला हिरवी. पिवळी चारच्या जॅकला गेली होती, हिरवी आठच्या. सगळं जिथल्या तिथे.

मी व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवले, ट्रान्सफॉर्मरच्या एका अंगाला शंभर व्होल्ट दिले आणि दुसऱ्या अंगाला किती येतात ते मोजलं. चारला साडेचार यायला हवेत, आठला सव्वासहाच्या वर. पिवळीवर मीटर टेकवला. सहा पूर्णांक तीन.

मी मीटरची बॅटरी बदलली. पुन्हा सहा पूर्णांक तीन. हिरवीवर साडेचार.

वेढ्यांमध्ये चूक नव्हती. नळ्या उलट्या चढल्या होत्या. मी चढवल्या होत्या. जॅकवर आठ लिहिलेलं होतं तो चारचा होता, आणि चार लिहिलेलं होतं तो आठचा.

तो दिवस मला आठवला, कारण तो विसरता येण्यासारखा नव्हताच. मी चोवीस वर्षांची होते. त्याच्या अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर जळला होता आणि तो थेट कारखान्यात येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला होता. नियम त्याला कुणी सांगितला नव्हता. मी शेवटच्या थरावर होते आणि हा विचारतो, "किती झाले?" मग विचारतो, तार तुटत नाही का, बोटं दुखत नाहीत का, तोंडात काय पुटपुटताय, मंत्र वगैरे आहे का. आकडा गेला. मी एवढी खवळले की मालक आतून धावत आले. मी सगळा थर उलगडला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं, आणि तो समोर स्टुलावर तोंडाला कुलूप लावून बसला, पण हसू काही दाबता येईना त्याला. मोजमाप मी उघड्या तारांवर केलं, ते बरोबर आलं. नळ्या त्यानंतर चढवायच्या असतात. त्या चढवताना मी तारांकडे बघत नव्हते. त्याच्याकडे रागाने बघत होते. राग थोडा होता आणि बघणं जास्त होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

म्हणजे माझ्या हातचं एक काम चुकलेलं होतं आणि ते माझ्याच घरात होतं. त्याला माहीत होतं, टोपीवाल्याला माहीत होतं, पोरीलाही अर्धवट माहीत होतं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला फुशारक्या मारायचे तेव्हा तो बाजूला बसून ऐकत असायचा. अ‍ॅम्प उघडू देत नव्हता तो यासाठी. मला वाईट वाटू नये म्हणून मला एकतीस वर्षं वाईट वाटत राहू दिलं. मला त्याचा राग आला. बावीस-तेवीस दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं, पण तेही पातळ, साय काढलेल्या दुधासारखं. मी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

दोन टाके सोडवायचे, दोन तारांची अदलाबदल करायची, नळ्या बदलायच्या, दोन टाके घालायचे. बारा मिनिटांचं काम. चुकीचं काम हाताखाली आल्यावर मी ते तसंच ठेवू शकत नाही, आणि ठेवावं असं मनातही आलं नाही. पुन्हा मोजलं. चारला साडेचार, आठला सहा पूर्णांक तीन. मी मागचं झाकण लावलं, पिन चारमध्ये घातली आणि मुलीला हाक मारली.

तिने पहिली तार छेडली आणि खोलीतल्या खडूच्या डब्याचं झाकण थरथरलं. तिचे डोळे भरून आले. हाच, ती म्हणाली, हाच बाबाचा. तिने विचारलं काय झालं होतं. मी म्हटलं, एक तार सैल होती.

मी खोटं बोलले. त्याने एकतीस वर्षं लपवलं, मी एक दिवस लपवलं, असा हिशोब मी मनात केला. तिला काय, उद्या पिन चारमध्येच जाणार होती. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

रविवारी हॉलमध्ये एकशे बारा खुर्च्या मांडलेल्या होत्या. हॉल साधाच, खिडक्यांना जाड पडदे, एका बाजूला बुटका मंच. मी पोचले तेव्हा मंचावर सगळं मांडून झालं होतं. दुसऱ्या ओळीच्या टोकाला मला बसवलं, शेजारी नणंद, तिच्या मांडीवर दोन रुमाल. एक तिचा आणि एक माझ्यासाठी. ओळखीची माणसं वळून वळून माझ्याकडे बघत होती. मी पडद्याच्या कड्या मोजल्या.

भावजींनी दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला, माइक पाडला आणि तेवढ्यावरच थांबले. मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पहिलं वाजवलं ते बरं झालं. दुसऱ्यात मला आवाज जरा दबल्यासारखा वाटला, पण हॉल भरलेला असला की आवाज पितो. तिसऱ्यात माझ्या नाकाला वास आला. तापलेल्या वार्निशचा, किंचित गोडसर. ट्रान्सफॉर्मर आतून तापला की असा वास येतो, आणि तो एकशे बारा माणसांत फक्त मला ओळखता येत होता.

मी मान वाकडी करून बघितलं. अ‍ॅम्प जरासा तिरका ठेवला होता, मागची जाळी दिसत होती. जाळीत दोन लाल डाग होते, कालच्यापेक्षा ठळक.

मग लक्षात आलं. सामान जोडण्याचं काम भावजींचं असतं. एकतीस वर्षं त्यांनी पिन आठमध्ये घातली होती आणि आजही त्यांनी ती आठमध्येच घातली होती. आज तर मुद्दाम आठवणीने घातली असणार.

मी उठले. नणंदेने माझा हात धरला, तिला वाटलं आता मला भरून आलं. मी हात सोडवला. मंचापर्यंत चौदा पावलं आणि तीन पायऱ्या. वाजत्या अ‍ॅम्पची स्पीकरची पिन ओढायची नसते, अडवणूक एकदम नाहीशी झाली तर ट्रान्सफॉर्मर तिथल्या तिथे जाऊ शकतो. म्हणून आधी वाजवणं थांबवायला हवं होतं. मी मुलीच्या समोर जाऊन हात वर केला. तिने तारांवर तळवा दाबला. भावजींची काठी सुटून घरंगळत खाली गेली. मी अ‍ॅम्पच्या मागे गेले आणि स्टँडबायचं बटण खाली केलं. घरघर थांबली.

मी वाकून पिनेला हात घातला. भावजी ड्रममागून लगबगीने आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, ती पिन राहू द्या. ती आठमध्येच असते. त्याने सांगून ठेवलंय."

"का म्हणून सांगितलं होतं?"

ते हातातली काठी फिरवायला लागले. मी म्हटलं, मला माहीत आहे, नळ्या उलट्या होत्या, मी काल उघडून बघितलं. तेव्हा त्यांनी श्वास सोडला. पहिल्याच कार्यक्रमात पिन चुकून आठमध्ये गेली आणि आवाज खुलला, म्हणाले. मग टोपीवाल्याने मोजून कारण सांगितलं. तो तेव्हाच तारा बदलून देत होता, पण याने नको म्हटलं.

"माझी फजिती होईल म्हणून," मी म्हटलं.

"छे हो. मी म्हटलं होतं त्याला, वहिनींना सांग, चिडतील आणि दोन मिनिटांत करून देतील. तर म्हणाला, म्हणूनच सांगायचं नाही. तिला कळलं की ती दुरुस्त करेल." भावजींनी हातातली एकच काठी दोन्ही हातांनी धरली होती. "म्हणाला, ती मोजत असताना मी तिच्याशी एकदाच बोललोय. त्यानंतर कधी बोललो नाही, हात ठेवून बसतो. त्या एका दिवसाची तेवढीच खूण आहे रे, असू दे माझ्याजवळ."

"काल दुरुस्त केलं मी," मी म्हटलं.

भावजींनी मान हलवली आणि वाकून पडलेली काठी शोधायला लागले, ती सापडल्यावरही थोडा वेळ वाकलेलेच राहिले.

मी पिन आठमधून काढली आणि चारमध्ये घातली. व्हॉल्व्ह थोडे निवू द्यायला हवे होते. अशा वेळी मी शंभर मोजते. मी अ‍ॅम्पच्या मागे जमिनीवर बसले आणि मोजायला लागले. डाग लालचे करडे होत होते. हॉल गप्प होता. तो गेल्यापासून घरही असंच गप्प होतं, पण तिथे मी इतकी मोजत होते की मला ते ऐकू आलं नव्हतं. इथे ऐकू आलं. पस्तीस. तो खुर्चीत बसला होता, त्याला बोलायचं होतं आणि तो नियमाने थांबला होता. छत्तीस. एकदा नियम मोडला होता त्याने, तर ते त्याने आयुष्यभर जपून ठेवलं होतं, आणि मी ते बारा मिनिटांत पुसून टाकलं. सदतीस. अडतीस.

माझ्या डोळ्यांसमोर, अ‍ॅम्पच्या कडेवर, एक हात येऊन टेकला. तळहात पालथा, बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे. मुलीचा हात. ती वाकून उभी होती, गिटार पाठीवर सरकवलेली, मागे एवढी माणसं ताटकळत बसलेली, आणि ती माझे ओठ थांबायची वाट बघत होती.

मी आकडा सोडून दिला.

"बोल," मी म्हटलं.

"तू मोजतेयस ना? होऊ दे तुझं."

"नाही मोजत. बोल तू. लगेच बोल."

तिला एवढंच विचारायचं होतं की मध्येच तोडलं तिथून पुढे वाजवू की पहिल्यापासून. मी सांगणार होते, तेवढ्यात मला रडू आलं. तोंडावर हात ठेवायचंही सुचलं नाही इतकं आलं. ती माझ्याजवळ खाली बसली. भावजींनी ड्रममागे जाऊन हळू ठेका धरला, माझं रडणं लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून असावा. नणंद नेमकी फोन आला म्हणून बाहेर गेली होती, असं मला नंतर कळलं.

"पहिल्यापासून," मी मुलीला म्हटलं, आणि बटण वर केलं.